पहिली सफारी बोट : ठिकाण शेवटी ठरवा



इतवारीत वाढलेला, आता पुण्यात नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी विचारतो, "आपा, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला. आठ डाइव्ह झाल्या. आता आठवडाभर बोटीवरच राहून डायव्हिंग करायचंय. मालदीव, इजिप्त की थायलंड? अम्मी नको म्हणतात." अम्मींचाही निरोप आला, "तुमचं ऐकेल, जरा समजवा त्याला."

मी स्वतः कधी पाण्याखाली गेलेले नाही, पण प्रश्न अभ्यासाचा होता म्हणून अभ्यास केला. माय-लेकांना माझे एकच उत्तर आहे. आधी आपला अनुभव मोजा, मग महिना ठरवा, मग बोट पारखा. ठिकाण शेवटी. आपल्या किराणा ओळीत पोत्यावरचे चित्र पाहून कोणी तांदूळ घेत नाही. मूठभर हातात घेऊन बघतात. इथेही तेच करायचे.

ज्याला इंग्रजीत लिव्हअबोर्ड म्हणतात, त्याला मालदीवमध्ये सफारी बोट म्हणतात. खाणे-झोपणे बोटीवर आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरणे. अशी बोट लागते, कारण काही प्रवाळ किनाऱ्यापासून फार दूर असतात. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटर आत, समुद्राखाली आंग्रिया बँक हे प्रवाळांचे मोठे पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. तिथे रोज जाऊन-येऊन काम होत नाही. जहाजावरच राहावे लागते. पण याचाच दुसरा अर्थ असा की काही झाले तर दवाखानाही तितकाच दूर.

अनुभव. पहिल्या ओपन वॉटर कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत उतरता येते, पुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सनंतर ३० मीटरपर्यंत. मालदीवच्या कायद्यानेही हौशी डायव्हरला ३० मीटरचीच मर्यादा आहे. पण तिथे खरा प्रश्न खोलीपेक्षा प्रवाहाचा. बेटांमधल्या खाड्यांतून पाणी जोरात वाहते. इजिप्तमध्ये ब्रदर्स, डेडालस या दूरच्या प्रवाळांसाठी किमान ५० डाइव्हची अट आहे. आठ डाइव्हवाल्याने तिकडे जाऊ नये.

मग मधली पायरी कोणती? अंदमान. श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, विमानाने जावे आणि तिथून स्वराज द्वीपला. तिथे किनाऱ्यावर राहून दिवसाच्या बोटीने डायव्हिंग होते. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स तिथेच करावा. एखादी रात्रीची, एखादी प्रवाहातली डाइव्ह शिक्षकासोबत करावी. त्रास झाला तर संध्याकाळी खोलीवर परतता येते, आणि पासपोर्टही लागत नाही. वहीत २५-३० डाइव्ह नोंदल्या गेल्या की सफारी बोटीचा विचार करावा.

महिना. पावसाळ्यात तारकर्लीचे डायव्हिंग बंद असते. थायलंडचे सिमिलन बेटांचे राष्ट्रीय उद्यानही मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. मालदीवच्या मधल्या बेटांभोवती जानेवारी ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो. आपल्या घरांसाठी एक गोष्ट जास्तीची. सध्या रमजान याच दिवसांत येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. शरीरात पाणी कमी असताना डायव्हिंग करणे धोक्याचे. म्हणून बुकिंगआधी चांद्र कॅलेंडर बघा.

बोट. अम्मींची भीती समुद्राची आहे, पण नीट पारखायची आहे ती बोट. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली. खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री फिरून पहारा देणारा माणूस नव्हता, असे चौकशीत निघाले. २५ नोव्हेंबर २०२४ ला इजिप्तच्या मर्सा आलमजवळ सी स्टोरी ही बोट पहाटेच्या वेळी बुडाली. त्यातही जीव गेले. आपल्या तारकर्लीजवळही मे २०२२ मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले.

म्हणून पैसे भरण्याआधी बोटवाल्याला लेखी विचारा. रात्रभर जागा पहारेकरी असतो का? झोपायच्या खोल्यांतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? धुराची सूचना देणारी यंत्रे चालू आहेत का? मोबाइल आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. झोपायच्या जागेत तर नाही? ऑक्सिजन किती आणि डायव्हरच्या उपचाराचे चेंबर किती तासांवर? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याची बोट सोडा, मग भाडे कितीही कमी असो. बोटीवर पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी दोन्ही वाटांनी स्वतः चालून बघावे.

खर्चाचेही तसेच. जाहिरातीतल्या रकमेत विमान, भाड्याचे साहित्य, कर आणि बक्षिशी बहुधा नसते. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग अनेकदा वगळलेले असते. डायव्हरचा वेगळा विमा घ्यावा. दमा, कान किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फॉर्मवर सही करू नये.

आता ठिकाण. एवढी तयारी झाली की पहिल्या खेपेला मालदीवचे मधले भाग, म्हणजे माले आणि अरीच्या आसपास, मला योग्य वाटतात. भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. मालेजवळच्या बांडोस बेटावर उपचाराचे चेंबर आहे. देश मुस्लिम असल्याने हलाल जेवणाची काळजी नाही. मात्र पर्यटकांच्या सफारी बोटींवर दारू मिळते, हे माहीत असू द्या. नको असेल तर तशी बोट आधीच शोधा. थायलंडच्या बोटीवर जेवणाबद्दल आधी स्पष्ट कळवावे लागेल. बहीण किंवा पत्नी सोबत असेल तर अंगभर वेटसूट आणि हूड चालतो. महिला प्रशिक्षक आणि स्वतंत्र केबिन मात्र आधी मागावी.

परतीचा एक दिवस हातचा ठेवा. सलग डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, २४ ठेवले तर उत्तम. हा नियम उंचीचा आहे. म्हणून तारकर्लीला डाइव्ह करून लगेच गाडीने आंबोली घाट चढणेही टाळावे. मालेत तो दिवस वाया जाणार नाही. प्रवाळाच्या दगडात कोरलेली १६५८ ची जुनी जुमा मशीद तिथे आहे. इब्न बतूता १३४३ मध्ये याच बेटांवर आला आणि काझी झाला. तोही बोटीनेच आला होता, वाऱ्याचा हंगाम बघून.

फी अमानिल्लाह.