फुकट पळतो म्हणून काय झालं?

परवा एका हाफ मॅरेथॉननंतर पोह्यांच्या रांगेत वाद झाला. एक जण पेसरच्या नावाने बोटं मोडत होता, "पहिल्या पाच किलोमीटरातच पळवून मारलं आम्हाला." दुसऱ्याने त्याला गप्प केलं, "अरे, तो बिचारा फुकट करतो. त्याला काय बोलायचं?"

मला हे पटत नाही. मी स्वतः पेसर आहे, तरी पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठीवर वेळेचा झेंडा लावून पळतो तो पेसर, आणि त्याच्यामागचा घोळका म्हणजे 'बस'. 2:30 ची बस म्हणजे 21.1 किलोमीटर अडीच तासांत, किलोमीटरला साधारण 7 मिनिटं 6 सेकंद. पेसरचा स्वतःचा वेग यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तर तो गप्पा मारत, पाणी प्यायची आठवण करून देत पळू शकतो. पैसे मिळत नाहीत. बिब, टी-शर्ट आणि नाश्ता.

माझी पहिली बस 2:30 चीच होती. शेवटी लोक दमणार, तर आधीच चार मिनिटं शिल्लक टाकू, असा माझा शहाणपणा. 71 मिनिटांत करायचे 10 किलोमीटर मी 67 मध्ये केले. सगळे खूश, मी तर फारच. शरीर असलं सेव्हिंग खातं उघडत नाही, हे 14 किलोमीटरला कळलं. मागे वळून पाहिलं तर पंचवीस-तीस जणांतले चारच उरले होते. मग मी वेग कमी केला, पण गेलेले थोडेच परत येणार? 2 तास 29 मिनिटांनी मी जवळपास एकटाच आत आलो. आयोजकांनी पाठ थोपटली, फोटो काढला. टायमिंग परफेक्ट!

वीसेक मिनिटांनी माझ्याच बसमधल्या एक काकू लंगडत आल्या. पहिलीच हाफ त्यांची, सहा महिने तयारी केलेली. रागावल्या नाहीत. "दादा, तुम्ही पुढे होतात म्हणून मी घड्याळ पाहिलंच नाही हो," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून 'फुकट करतो' हे ऐकलं की मला त्या काकू आठवतात. झेंडा पाहून माणूस स्वतःचा अंदाज बाजूला ठेवतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये फुल पळणाऱ्यांना पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात भेटतो, ऊन वर आल्यावर. आधी उधळलेल्या बसचं तिथे काय होत असेल, विचार करा.

दोष आयोजकांचाही आहे. चार दिवस आधी फोन येतो, "2:15 ला माणूस नाही, जमेल का?" गेल्या वर्षभरात किती वेळात पळलास, एकसारख्या वेगात पळता येतं का, कोणी विचारत नाही. घड्याळ अंतर थोडं जास्त दाखवतं, त्यामुळे हिशोब रस्त्यावरच्या पाट्यांवरून ठेवायचा, हेही कोणी सांगत नाही. एंट्री फी वाढवताना मात्र 'ऑफिशियल पेसर' जाहिरातीत असतात.

माझी मागणी साधी आहे. जिथे वाटेत चिपचे मॅट असतात तिथे 5, 10, 15 किलोमीटरची नोंद होतेच. शर्यतीनंतर प्रत्येक पेसरच्या या वेळा जाहीर करा. शेवटचा आकडा सगळेच जुळवतात, मधले आकडे दिसू देत. पेसरांना राग येईल. माझ्या त्या 67 मिनिटांपासून सुरुवात करा, चालेल.

आणि बसमध्ये बसणाऱ्यांनो, पहिल्या तीन किलोमीटरातच धाप लागली तर खाली उतरा. त्यात लाज कसली? मागून दुसरी बस येतेच.

या सीझनला मला पुन्हा 2:30 मिळाली आहे. सुरुवातीला वाटेल, हा माणूस फारच रेंगाळतोय. वाटू द्या. शिव्या 15 किलोमीटरनंतर द्या, मी तिथे तुमच्यासोबतच असेन.