अपघाताचा दावा आणि वकील



हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर. एखादा अपघात घडतो, घरचा कर्ता माणूस जातो आणि भरपाईचा दावा दिला जातो आपल्या जमिनीच्या खटल्याच्या वकिलाकडे. "वकील तो वकील, कुठलाही चालतोय की!" आमच्या मते इथंच चुकतं. इंजिन बिघडलं म्हणून कुणी सुताराला बोलावत नाही.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला हिशेबच वेगळा. समजा, मयत ट्रॅक्टरचालक ३५ वर्षांचा, कमाई महिना १२ हजार, मागे अवलंबून असणारी माणसं चार. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाप्रमाणे वर्षाच्या कमाईतून त्याच्या स्वखर्चाचा चौथा हिस्सा वजा करून उरलेल्या रकमेला १६ नं गुणायचं. होतात १७ लाख २८ हजार. पण २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे असतात. मग रक्कम २४ लाख १९ हजारांवर जाते. ही एक बाब मांडायची राहिली, तर विधवेचे जवळजवळ सात लाख बुडाले!

मुदतीचंही तसंच. २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची अट आली. तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

तेव्हा असे दावे नेहमी चालवणारा वकील गाठा. "मिळेल त्यात निम्मं माझं" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवायला वकिलांना मनाई आहे. आणि फिर्याद, पंचनामा, दवाखान्याची बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.