रबर दमतं तेव्हा...

दोस्तांनो, स्लिपरचा अंगठा कधी तुटतो सांगा बरं! उंच उडी मारताना तुटला तर समजण्यासारखं आहे. पण छे! तो तुटतो भर रस्त्यात, अगदी साधं पाऊल टाकताना. मग एक पाय घासत घरी यायचं आणि वर 'चपला कशा वापरता रे?' हे ऐकून घ्यायचं. खरं तर त्या शेवटच्या पावलाचा काही दोष नसतो. आधीच्या लाखो पावलांनी तो अंगठा थकवलेला असतो.

एका झटक्यात ओढून जे रबर तुटणार नाही, तेच त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा दिला की तुटतं. याला शास्त्रज्ञ थकवाच म्हणतात. फरक एवढाच, की आपला थकवा रात्री झोपलं की जातो. रबराचा साठत जातो.

साठतं म्हणजे काय? तर भेग! कितीही चांगलं रबर घ्या, त्यात कुठेतरी नीट न मिसळलेल्या भुकटीचा कण, काजळीची बारीक गुठळी किंवा साच्याची खाच असतेच. (हो, टायर काळा दिसतो तो रबरात घातलेल्या काजळीमुळे!) ताण दिला की सगळा जोर त्या खाचेच्या टोकावर येतो आणि भेग किंचित पुढे सरकते. जितकी ती लांब, तितकी जास्त वेगाने वाढते. म्हणून शेवट आपल्याला 'अचानक' वाटतो.

आता जरा गणित. तुमची शाळा 3 किलोमीटरवर आहे आणि सायकल 28 इंची आहे असं धरा. किलोमीटरला चाकाचे साधारण 450 फेरे होतात. जाऊन-येऊन 2,700. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला 5,40,000! दर फेऱ्याला टायरचा प्रत्येक भाग जमिनीवर टेकून एकदा चेपतो. हवा कमी असेल तर दर वेळी जास्तच वाकतो. पंप मारायचा कंटाळा करणाऱ्यांनी टायरच्या बाजूला वाकून बघावं.

रबर किती टिकेल हे कारखान्यात कसं पाहतात? डी मॅटिया नावाचं यंत्र असतं. मधोमध गोलसर खाच असलेली रबराची पट्टी त्यात दोन्ही टोकांना पकडतात आणि मिनिटाला 300 वेळा वाकवतात, सरळ करतात. कधी खाचेत मुद्दाम 2 मिलिमीटरची चीर पाडून ती किती फेऱ्यांत किती वाढते तेही मोजतात.

मग यंत्र दहापट वेगाने का नाही पळवत? काम लवकर आटपेल की! इथेच तर गंमत आहे. रुंद रबरबँड ओठाला लावून झटकन ताणा. गरम लागतो ना? सैल सोडला की गार होतो. पण सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णता मागे राहते. रबरातून उष्णता सहजी बाहेर जात नाही. फार वेगाने वाकवलं, तर जाड रबर आतून तापूनच खराब होईल, आणि आपण म्हणू थकलं!

आणखी एक नवल ऐका. 1940 साली अमेरिकेत कॅडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की नैसर्गिक रबर दर वेळी पूर्ण सैल सोडलं तर लवकर तुटतं. थोडं ताणलेलंच ठेवून पुढे-मागे केलं तर जास्त टिकतं! आपल्याला उलटंच वाटलं असतं, नाही? कारण असं, की खूप ताणल्यावर या रबराच्या लांबलचक साखळ्या शेजारी शेजारी रांगेत येतात आणि त्यांचे इवलेसे स्फटिक बनतात. ते भेगेच्या टोकाशी भिंतीसारखे आडवे येतात. पूर्ण सैल सोडलं की स्फटिक विरघळतात आणि भिंत गायब. विमानाच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर भरपूर वापरतात, त्यामागे हा गुणही आहे.

घरी करून बघायचंय? एकाच पाकिटातले 20 रबरबँड घ्या. मोठ्यांकडून प्रत्येकाच्या कडेला ब्लेडने सारखीच बारीक चीर पाडून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. पट्टीवर मोजून 10 बँड दुप्पट ताणा-सोडा, उरलेले 10 तिप्पट. तुटेपर्यंत आकडे लिहा. तिप्पटवाले लवकर जातील, पण एकाच गटातले आकडेही सारखे येणार नाहीत. एक 15 वर, तर दुसरा 60 वर! म्हणूनच शहाणा इंजिनिअर एकाच तुकड्याच्या चाचणीवर कधी विसंबत नाही.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर मात्र हा प्रयोग नको हं! तिच्यावर छापलेली तारीख तेवढी शोधा. ही नळी दर 5 वर्षांनी बदलायची असते, वरून एकही भेग दिसत नसली तरी. शेगडीमागे ती घट्ट मुडपली आहे का, तेही पाहा. तारीख उलटली असेल तर आजच आई-बाबांच्या कानावर घाला.