1 मार्च, 1938

कॉमिक्सचे स्वतःचे असे एक पंचांग आता सिद्ध झाले आहे. 18 एप्रिल 1938 रोजी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक विक्रीस आला आणि सुपरमॅन अवतरला, 28 ऑगस्ट ही जॅक कर्बी यांची जयंती (1917), 28 डिसेंबर ही स्टॅन ली यांची (1922), 24 ऑक्टोबर बॉब केन यांची (1915) आणि 8 फेब्रुवारी बिल फिंगर यांची (1914). खुद्द सुपरमॅनलाही वाढदिवस आहे आणि तो 29 फेब्रुवारी, म्हणजे चार वर्षांतून एकदा येणारा; ज्याला म्हातारे होऊ द्यायचे नाही अशा पात्राचे वय झाकण्याची याहून सोयीची तजवीज कोणती? रोजच्या वर्तमानपत्रातील दिनविशेषाची चौकट वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही, आणि शिवजयंतीच्या तारखेवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या महाराष्ट्राला हेही सांगायला नको की, स्मरणाची तारीख शेवटी कोणीतरी ठरवावी लागते. कॉमिक्सच्या पंचांगातील तारखा कोणी ठरवल्या आणि त्यातून कोणती तारीख गळाली, हे पाहू लागले की 1 मार्चपाशी थांबावे लागते. त्या दिवशी काय घडले ते समजून घ्यायला बरेच मागे जायला हवे.

चित्रे एकापुढे एक मांडून गोष्ट सांगण्याचा व्यवसाय जुना आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथींचा उल्लेख येतो, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर मंडळींनी ती परंपरा आपल्या काळापर्यंत आणून सोडली. त्या पोथ्यांमधील चित्रांवर सही नसते. परंतु पोथी ज्या समाजाची, त्याच्याच घरात ती राहिली, त्याच्याच पोटाला तिने आधार दिला. पुढे छापखान्याच्या काळात जे अनामिकपण आले त्याची जात निराळी होती. शब्दांच्या प्रांतात संतकवींनी याहून पक्की व्यवस्था लावली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा अशी ओवलेली असते की ती उपसायला गेल्यास छंदच मोडतो. कायदा नव्हता, नोंदणी नव्हती, तरी शतकानुशतके गाणाऱ्याच्या तोंडून कर्त्याचे नाव निघत राहिले. (त्याच मुद्रेच्या आडून भलत्यांची रचनाही थोरांच्या नावावर खपली, हे खरे, पण नाव चोरण्याइतके मोलाचे होते, एवढे तरी त्यावरून कळते.)

छापील चित्रकथेचे जनक म्हणून ज्यांचा मान आहे ते रोडॉल्फ टॉफर जिनिव्हात मुलांची शाळा चालवीत. फावल्या वेळात रेखाटलेल्या त्यांच्या विनोदी कथांची गटे यांनी वाखाणणी केली होती. त्यांपैकी एका कथेची इंग्रजी आवृत्ती ‘ओबडाया ओल्डबक’ या नावाने 14 सप्टेंबर 1842 रोजी न्यू यॉर्कच्या ‘ब्रदर जोनाथन’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघाली, आणि अमेरिकेतील पहिले कॉमिक बुक हा मान बरेच अभ्यासक तिलाच देतात. ती निघाली लंडनच्या आवृत्तीवरून, लंडनची निघाली पॅरिसच्या चोरट्या प्रतीवरून, आणि अमेरिकेचा तेव्हाचा कायदा परदेशी लेखकाला स्वामित्वहक्क देतच नसल्यामुळे टॉफर यांना काही देणे लागतो, असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते. या व्यवसायाचा तिकडचा जन्मदिवस हा असा आहे.

अर्ध्या शतकानंतर प्रश्न वृत्तपत्रांच्या आखाड्यात आला. रिचर्ड आऊटकॉल्ट यांचे ‘यलो किड’ हे पिवळ्या झग्यातील टकलू पोर पुलित्झर यांच्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’चा खप वाढवीत होते, 1896 मध्ये प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचे मालक हर्स्ट यांनी आऊटकॉल्टना जास्त पैसे देऊन आपल्याकडे ओढले, तेव्हा पुलित्झर यांनी जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराला बसवून तेच पोर आपल्या पत्रात चालू ठेवले. एकाच शहरात, एकाच वेळी, एकच पात्र दोन मालकांच्या घरी नांदू लागले. पुढे रूडॉल्फ डर्क्स यांनी हर्स्टची नोकरी सोडली आणि त्यांच्या ‘कॅटझेनजॅमर किड्स’वरून खटला झाला, तेव्हा न्यायालयाने मोठी विलक्षण वाटणी केली: मालिकेचे शीर्षक हर्स्टचे, पण तीच पात्रे दुसऱ्या नावाखाली काढण्याची मुभा डर्क्सना. कर्त्याच्या हातात पात्र राहू शकते हे त्या निकालाने दाखवून दिले होते. तो धडा पुढच्या पिढीला कोणी शिकवला नाही.

त्या पिढीतील जेरी सीगल आणि जो शस्टर हे क्लीव्हलंडचे तरुण 1938 साली 23 वर्षांचे होते. त्यांचा सुपरमॅन कित्येक वर्षे संपादकांच्या दारोदार फिरून नाकारला गेला होता. 1 मार्च 1938 रोजी डिटेक्टिव्ह कॉमिक्स कंपनीने त्यांच्या नावे 412 डॉलरचा एक चेक काढला. त्यावर हिशेब टाइप केलेला आहे: ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधील कामाचे 210, आणखी दोन मासिकांचे प्रत्येकी 36, आणि सुपरमॅनचे 130, म्हणजे 13 पानांचे पानामागे 10 डॉलरप्रमाणे. त्या 130 डॉलरांत कथेबरोबर पात्राचे सर्व हक्कही कायमचे गेले. नावांच्या स्पेलिंगमध्ये चुका होत्या, म्हणून चेकच्या पाठीवर दोघांना पुन्हा सह्या कराव्या लागल्या. पुढच्याच वर्षी एका प्रतिस्पर्ध्याने सुपरमॅनची नक्कल केली म्हणून कंपनी न्यायालयात गेली, तेव्हा आपली मालकी शाबीत करण्यासाठी हाच चेक तिने पुराव्यादाखल मांडला. न्यायालयाचे शिक्के त्यावर आजही आहेत. 2012 मध्ये तो कागद लिलावात 1 लाख 60 हजार डॉलरला गेला.

येथे पंचांगातील आणखी एक गंमत सांगायला हवी. एप्रिलमध्ये विकलेल्या त्या अंकाच्या मुखपृष्ठावर महिना छापला होता जून. पेपरवाल्याने अंक मांडणीवरून कधी उतरवायचा, याची ती सूचना होती. ताजेपणाचा आभास हा वरचा लाभ. त्यामुळे कॉमिक्सच्या कोणत्याही प्रसंगाला दोन तारखा असतात. मुठीने हिटलरला लोळवणारा कॅप्टन अमेरिका मुखपृष्ठानुसार मार्च 1941 चा, विक्रीनुसार 20 डिसेंबर 1940 चा. ही केवळ संग्राहकांची चिकित्सा नव्हे. प्रकाशनाच्या वर्षापासून 95 वर्षे मोजणाऱ्या अमेरिकी कायद्यात पहिली तारीख धरल्यास तो अंक 1 जानेवारी 2037 ला मुक्त होतो, दुसरी धरल्यास एक वर्ष आधी.

सुपरमॅन चालल्यावर तसेच आणखी काही हवे, म्हणून 1939 साली त्याच कंपनीकडून बॅटमॅन आला. बॉब केन यांच्या पहिल्या रेखाटनात लालसर अंगरखा, डोळ्यांवर साधी पट्टी आणि पाठीला ताठ पंख होते. बिल फिंगर यांनी शब्दकोशातील वटवाघळाचे चित्र काढून दाखवले, कान असलेला मुखवटा सुचवला, पंखांऐवजी झालर पडणारा झगा, बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे, करडा रंग सुचवला, ब्रूस वेन हे नाव दिले आणि पहिली कथाही लिहिली. करार मात्र एकट्या केन यांचा होता, म्हणून श्रेयही एकट्या केन यांचे. 1965 मध्ये जेरी बेल्स या कॉमिक्सवेड्या प्राध्यापकाने फिंगर यांची बाजू लिहून काढली, तेव्हा केन यांनी ती फेटाळली; 1974 मध्ये फिंगर गेले; 1989 च्या आत्मचरित्रात केन यांनी खंत व्यक्त केली; आणि कंपनीने फिंगर यांचे नाव केन यांच्या जोडीला छापायचे ठरवले ते 2015 मध्ये, नातीने आणि एका चरित्रकाराने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर. त्याच कंपनीने 2014 पासून ‘बॅटमॅन दिन’ सुरू केला होता. तो आधी 23 जुलैला झाला, पुढे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जाऊन बसला. पहिल्या अंकाच्या तारखेशी त्याचा संबंध नाही, फिंगर यांच्या जयंतीशी तर नाहीच. व्यापाराने नेमलेल्या सणाची तिथी व्यापाराच्या सोयीने सरकते.

1954 चे वर्ष मी थोडक्यात आवरतो, कारण त्याची कथा बहुतेकांना माहीत आहे: मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सविरोधी पुस्तक, सिनेटची सुनावणी, 26 ऑक्टोबरला स्वीकारलेली कॉमिक्स आचारसंहिता. सहसा ती सेन्सॉरशिपची कथा म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा परिणाम असा की प्रकाशने बंद पडली, चित्रकारांचे काम आटले, आणि जे उरले त्यांची घासाघीस करण्याची ताकद संपली. त्या पडत्या काळात मार्व्हल कंपनीकडे परतलेले चित्रकार जॅक कर्बी यांनी पुढच्या दशकात हजारो पाने काढली. तिथली पद्धत अशी की कथेची रूपरेषा तोंडी ठरायची, चित्रकार प्रसंग रचून पाने काढायचा, संवाद नंतर भरले जायचे, आणि पहिल्या पानावर लेखक म्हणून ली, चित्रकार म्हणून कर्बी असे श्रेय पडायचे. 1970 च्या दशकात तर मार्व्हलच्या चेकांच्या पाठीवरच हक्कसोडीचा मजकूर छापलेला असे. पैसे हवेत तर त्याखाली सही हवी. 1938 मध्ये जे एका कागदावर घडले त्याचे आता छापील नमुन्यात रूपांतर झाले होते. 1980 च्या दशकात आपलीच मूळ चित्रे परत मागणाऱ्या कर्बी यांच्यापुढे, इतरांना एका पानाचा दिला जाणारा करारनामा, चार पानांचा करून ठेवण्यात आला. बऱ्याच बोभाट्यानंतर 1987 मध्ये दोनेक हजार पाने परत आली. वारसांचा हक्काचा दावा 2013 मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला. तडजोड झाली ती 26 सप्टेंबर 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालय त्यांचा अर्ज विचारात घेणार होते त्याच्या तीनच दिवस आधी.

सीगल आणि शस्टर यांची नावे सुपरमॅनवर परत आली त्यालाही न्यायालय कारण नव्हते. कंपनीशी झालेल्या 1948 च्या तडजोडीनंतर ती गळाली होती. 1975 मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा सीगल टायपिस्टची नोकरी करीत होते आणि शस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी वर्तमानपत्रे हलवली, कंपनीला लाज वाटली, आणि डिसेंबरात वार्षिक 20 हजार डॉलर व पानावर नाव, एवढे पदरात पडले. ते आले बदनामीच्या भयाने. तसा अधिकार तेव्हाच्या कायद्यात नव्हता.

आपल्याकडे चित्र थोडे निराळे, पण फार निराळे नाही. 15 ऑगस्ट 1938 ला जन्मलेल्या प्राण यांचे नाव ‘चाचा चौधरी’च्या मुखपृष्ठावर ठळक असे, आणि ते पात्र कोणाचे हे कोणत्याही पोराला विचारावे लागत नसे. 1967 पासून ‘अमर चित्र कथा’ वाचणाऱ्या पिढ्यांना अनंत पै ‘अंकल पै’ म्हणून घरच्यासारखे झाले, तो मान त्यांच्या कष्टांना साजेसाच आहे. पण ‘टिंकल’मधल्या सुपंडीला चेहरा देणारे राम वाईरकर किती मराठी घरांत नावाने ओळखले जातात? मराठी चित्रकाराविषयी हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा आहे. कायद्यापुरते बोलायचे तर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याचे 57 वे कलम सांगते की हक्क विकले तरी कर्तेपणा सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. आणि करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, तसा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज हस्तांतरित होत नाहीत, असे 2012 च्या दुरुस्तीने ठरवले. म्हणूनच आजच्या करारांमध्ये पुढे शोध लागणाऱ्या माध्यमांचाही स्पष्ट उल्लेख करून घेतला जातो, आणि पहिले काम मिळाल्याच्या आनंदात तेविशीतली मुले त्याखाली सही करतात.

कर्त्याच्या नावाचा अधिकार स्वामित्वहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने 1928 मध्येच मान्य केला होता. अमेरिका त्या करारात सामील झाली 1989 साली, आणि योगायोग असा की तो अंमल सुरू झाला 1 मार्चला, त्या चेकनंतर बरोबर 51 वर्षांनी. सामील होताना, आपले चालू कायदे पुरेसे आहेत असे सांगून तिने नावाच्या अधिकाराचे सर्वसाधारण कलम टाळले. आता 1938 चा सुपरमॅन 1 जानेवारी 2034 रोजी सर्वांसाठी खुला होईल, पाठोपाठ वर्षभराने बॅटमॅन. 95 वर्षांची कोंडी फुटेल याचा आनंदच मानावा. परंतु 1975 चा समझोता बांधतो तो कंपनीला. 2034 नंतर जो कोणी त्या सुपरमॅनवर चित्रपट काढील वा अंक छापील, त्याने सीगल आणि शस्टर ही दोन नावे पहिल्या पानावर घालावीत, असे बजावणारे कलम अमेरिकेच्या कायद्यात नाही; ते घालायला तिथल्या संसदेकडे अजून काही वर्षे आहेत.