कारणाचा रकाना

सोशल अँग्झायटीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांचे केस पेपर पाहिले, तर ‘कारण’ या रकान्यात बहुधा एकच ओळ असते. ‘आई फार काळजी करते.’ ‘सहावीत बाई वर्गासमोर ओरडल्या.’ ‘मोबाइल.’ ही ओळ खोटी असतेच असे नाही. पण ती लिहून झाली की आपले विचारणे थांबते, आणि मुलाचे नुकसान तिथून सुरू होते.

हा विकार बहुतेकांमध्ये आठ ते पंधरा या वयात सुरू होतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण 30 ते 50 टक्के दिसतो. अर्थात हा आकडा लोकसमूहाचा आहे, समोर बसलेल्या मुलाचा नव्हे. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अनोळखी माणूस दिसताच आकसणाऱ्या लहानग्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. अशा मुलांना पुढे सोशल अँग्झायटीचा धोका जास्त असतो, तरी त्यांतल्या अनेकांना ती होत नाही. आईच्या अतिकाळजीचेही तसेच. घाबरणारे मूल आईला पुढे व्हायला लावते आणि आई पुढे झाली की मूल आणखी मागे सरते. या चक्रातली आईच तेवढी उचलून तिला दोषी ठरवणे शास्त्राला धरून नाही, आणि त्या आईवर अन्याय करणारे आहे.

सुरुवात कशातून झाली याहून मोलाचा प्रश्न म्हणजे भीती आज कशावर टिकून आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये याचे उत्तर मांडले. चारचौघांत उभे राहताच मुलाचे लक्ष समोरच्यांवरून सुटून स्वतःकडे वळते: आवाज कापतोय का, घाम दिसतोय का. मग ते वाक्ये मनात घोकते, नजर खाली ठेवते, हात खिशात लपवते. प्रसंग निभावतो, पण श्रेय या युक्त्यांना जाते. त्या नसत्या तरी काही बिघडले नसते, हे कळायची संधीच मिळत नाही. रात्री अंथरुणात तोच प्रसंग पुन्हा उगाळला जातो आणि दर वेळी तो आधीपेक्षा वाईट आठवतो. ‘तोंडी परीक्षेतून सूट द्या’ अशी चिठ्ठी आपण कळवळ्याने देतो, तेव्हा या साखळीत आपलीही एक कडी जोडतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत हात वर करणारी मुलगी अकरावी सायन्सच्या इंग्रजी वर्गात गप्प होते. पाड्यावरून किंवा वस्तीतून आलेल्या मुलाच्या बोलीवर, आडनावावर वर्गात खरोखर हसू फुटते. त्याला ‘तुला कोणी हसत नाही, हे फक्त तुझे विचार आहेत’ असे सांगणे ही सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) नव्हे. ते ऐकून न घेणे आहे. विचार तपासायचा, तर आधी वस्तुस्थिती तपासावी लागते. हसणारे खरे असतील, तर काम त्या वर्गात आणि त्या शिक्षकांबरोबर करावे लागेल.

थरथर आणि धडधड थायरॉइडमुळे नाही ना, बोलण्यात अडखळणे आधीपासून आहे का, हेही वेळीच पाहावे. लाजाळू मूल आणि विकार यांत गल्लत नको: भीती सहा महिने किंवा अधिक टिकलेली असावी आणि तिने शाळा, मैत्री, रोजचे जगणे अडवलेले असावे.

अकरावीचे वर्ग सुरू होताहेत, अशी मुले आता आपल्याकडे येतील. त्यांच्या केस पेपरवर ‘कारण’ हा रकाना दोन भागांत लिहा: भीतीची सुरुवात कशातून झाली आणि आज ती कशावर टिकली आहे. दुसरा भाग मुलाच्याच शब्दांत भरा. आणि आईला काही सांगण्याआधी एकदा त्याच्या वर्गात जाऊन बसा.