रस्ता खोदला, पण वाहतुकीचं काय? परवानगी कोण देतं आणि नियम काय सांगतात

चांगला चार पदरी रस्ता वळणानंतर अचानक दोन पदरांचा होतो. समोर पत्रे, बाजूला मातीचा ढीग, मागे हॉर्न. मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्यांना हे नवं नाही. मग कोणीतरी फोटो टाकतं आणि विचारतं, 'यांना परवानगी दिली कोणी?'

खरं तर इथे परवानग्या दोन असतात. रस्ता खोदण्याची एक, आणि वाहतूक अडवण्याची किंवा वळवण्याची दुसरी. त्या वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात आणि घोळ बहुतेक वेळा या दोन टेबलांच्या मधेच होतो.

खोदाई पालिकेची, वाहतूक पोलिसांची

मुंबईत परवानगीशिवाय रस्ता फोडता येत नाही, हे थेट १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आहे. ज्याला परवानगी मिळाली त्याने खड्ड्याभोवती कुंपण घालायचं आणि रात्री तिथे दिवा लावायचा, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे शहरात मोटारी येण्याआधीपासून हा नियम आहे!

वाहतूक बंद करण्याचा किंवा वळवण्याचा अधिकार मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मधून येतो. राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी असा आदेश काढू शकतो. मोठ्या शहरांत हे काम वाहतूक पोलीस करतात. म्हणून पालिकेने काम मंजूर केलं तरी वाहतूक पोलिसांचं ना हरकत प्रमाणपत्र येईपर्यंत कंत्राटदाराला थांबावं लागतं. पावसाळ्याआधी खोदकामं संपवायची असल्याने एप्रिल-मे महिन्यांत या प्रमाणपत्रांसाठी एकच झुंबड उडते.

कलम ११५ मध्ये एक बारीक तरतूद आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही. परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरे. आता 'शक्य तेवढी' म्हणजे किती? चौकात एक बॅनर? पोलिसांच्या हँडलवर एक पोस्ट? कायदा काही सांगत नाही. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला बंदची बातमी बॅरिकेडसमोर पोहोचल्यावरच कळते, त्याचं एक कारण हे आहे.

फलक किती आधी हवा?

रस्त्यांचे मानक ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींमधून १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयआरसी:एसपी:५५. सुधारित आवृत्ती २०१४ ची.

तिचा गाभा सोपा आहे. काम सुरू आहे तो खड्डा म्हणजेच कामाची जागा नव्हे. चालकाला आधी सूचना मिळायला हवी, मग त्याला हळूहळू बाजूच्या पदरात सरकवायला हवं, मग कामाचा भाग, आणि शेवटी पुन्हा मूळ मार्गावर आणायला हवं. असे चार टप्पे. पादचाऱ्यांची सोयही याच आराखड्यात करायची असते, पण ती प्रत्यक्षात क्वचितच दिसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या बांधकाम निकषांमधलं कलम ११२ आणखी नेमकं आहे. अर्धा रस्ता बंद करून उरलेल्या भागावरून आळीपाळीने वाहनं सोडायची असतील, तर दोन्ही टोकांना चोवीस तास झेंडेवाले किंवा तात्पुरते सिग्नल हवेत. प्रत्येक बाजूला किमान दोन फलक हवेत, एक रस्ता जिथे अरुंद व्हायला लागतो तिथे आणि दुसरा १२० मीटर आधी.

१२० मीटर ऐकायला बरेच वाटतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते साधारण ७ सेकंदांत संपतात. १०० च्या वेगाने जेमतेम ४ सेकंदांत. म्हणूनच वेग जास्त असेल तिथे सूचना आणखी लांबून द्यावी लागते. आपल्याकडे मात्र 'काम चालू, रस्ता बंद' हा फलक अनेकदा खड्ड्यालाच टेकवून ठेवलेला असतो, आणि रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला तो खड्ड्याबरोबरच दिसतो.

मग हे पाळलं का जात नाही?

एक उत्तर पैशात आहे. मंत्रालयाच्या याच निकषांत फलक, दिवे, झेंडेवाले हा खर्च साधारणपणे मूळ कामातच धरलेला असतो, त्याचं वेगळं बिल निघत नाही. काँक्रीट ओतलं तर घनमीटरवर पैसे मिळतात. रात्रपाळीला दोन माणसं उभी केली तर कंत्राटदाराच्याच खिशातून जातात. यातून काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. व्यवस्था नीट नसेल तर अभियंत्याने ती कंत्राटदाराच्या खर्चाने करून घ्यावी, अशी सोय कागदावर आहे. पण त्यासाठी अभियंत्याने रात्री जागेवर जाऊन पाहायला हवं.

दुसरं उत्तर शिक्षेत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-ए आलं. रस्त्याचे सुरक्षा मानक न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कंत्राटात १ लाख! शिवाय हे कलम अपघातानंतरच लागू होतं. दिवा नव्हता, पण कोणी पडलं नाही, तर या कलमाखाली काहीच होत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी ६ लाख रुपये आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करायलाही सांगितलं. हिशेब पहिल्यांदाच थोडा बदलला तो इथे.

तुम्ही काय विचारू शकता?

नुसत्या खड्ड्याच्या फोटोपेक्षा आधीचा फलक कुठे आहे (किंवा नाही) हे दाखवणारा, तारीख-वेळ असलेला, शक्यतो रात्रीचा फोटो तक्रारीत जास्त उपयोगी पडतो. आणि कागद हवा असेल, तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर दोन गोष्टी मागता येतात, पालिकेची खोदाईची परवानगी आणि वाहतूक पोलिसांचं ना हरकत प्रमाणपत्र, त्यातल्या अटींसह. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. तोवर चर बुजलेला असू शकतो, पण अटी काय होत्या आणि त्या पाळल्या गेल्या का, हे फोटोशी ताडून पाहता येतं.