ऑकलंडची गाडी बोरसीच्या दारात?

भिलाईला लागून असलेल्या बोरसीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यामुळे पत्र कसं मुद्देसूद, आकड्यांसकट. मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आहे. तिथं त्यानं जपानहून आलेली जुनी टोयोटा ॲक्वा घेतली. गाडी दहा वर्षांची, आपल्या पैशात साडेचार लाखांना पडलेली. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते, पाच वर्षांत एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. आता मुलगा, सून आणि नातू कायमचे परत येताहेत आणि मुलाच्या मनात आहे की गाडीही बरोबर आणावी. वडिलांनी त्यासाठी निवृत्तीच्या पैशातले सहा लाख वेगळे काढून ठेवलेत. पत्राच्या तळाशी एक जास्तीची ओळ आहे. ओळखीतले एक जण म्हणतात, ही गाडी आली नाही तर ‘दुसऱ्या वाटेनं’ याहून मोठी जपानी गाडी निम्म्या किमतीत मिळवून देतो.

उत्तर आधीच देऊन टाकते. ही गाडी आणू नका, आणि त्या दुसऱ्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण मुलाचा हिशेब चुकीचा नाही. तो ऑकलंडला बसून केलेला आहे, एवढंच.

जपानमध्ये जुनी गाडी बाळगणं हा महागाचा मामला आहे. नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. तिला तिथं ‘शाकेन’ म्हणतात. त्यात कर, विमा आणि दुरुस्ती असा एकत्र खर्च अंगावर येतो. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की करही वाढतो. शहरात गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे असा दाखला आधी पोलिसांकडून आणावा लागतो. (हा नियम पुण्या-मुंबईत लागू केला तर काय होईल, याची कल्पना करून बघा.) त्यामुळे धडधाकट गाड्यासुद्धा लोक लवकर काढून टाकतात. त्या लिलावात जातात. तिथं प्रत्येक गाडीचा एक कागद तयार होतो. गाडीला गुण दिलेले असतात, गाडीचं चित्र काढून कुठं ओरखडा, कुठं पोचा, कुठला भाग बदललेला हे खुणांनी दाखवलेलं असतं. अपघातातून दुरुस्त झालेल्या गाडीवर बहुधा ‘आर’ हे अक्षर येतं. लिलावातून गाड्या बोटीत चढतात आणि जिथं रस्त्याच्या डाव्या बाजूनं वाहनं चालतात अशा देशांकडे निघतात. केनिया, टांझानिया, न्यूझीलंड ही त्यातली मोठी गिऱ्हाइकं.

न्यूझीलंडनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपलं दार उघडलं. तिथं गाड्या जुळवण्याचे छोटे कारखाने होते. १९९८ मध्ये मोटारींवरचं आयात शुल्क गेलं आणि त्याच वर्षी ते बंद झाले. तेव्हापासून तिथल्या सामान्य घराची गाडी म्हणजे बहुतेक वेळा जपानमध्ये कोणीतरी वापरून दिलेली गाडी. तिथल्या मराठी घरांतही तेच. तिच्याशी जुळवून घेण्यात गंमतही असते. किल्ली फिरवली की गाडी जपानीत बोलते. बिचारी टोलचं कार्ड घातलेलं नाही एवढंच सांगत असते, पण नव्या माणसाला वाटतं इंजिन बिघडलं! पडद्यावरचा नकाशा जपानचाच. रेडिओ आणखी न्यारा. जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू व्हायचा आणि ९० ला संपायचा, बाकी जगात तो ८८ ते १०८. म्हणजे जुन्या गाडीत एखाद-दुसरं स्टेशन लागलं तर लागलं. मग पट्टा बदलणारी छोटी डबी बसवून घ्यायची.

दार उघडं असलं तरी उंबऱ्यावर राखण मात्र कडक आहे. गाडी किती धावली तो आकडा मागे फिरवलेला नाही ना, हे तपासतात. वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा मार्च २०२० पासून अशा मोटारींना सक्तीची आहे. जीव घेऊ शकणाऱ्या टकाटा एअरबॅग बदलून देण्याची सक्ती २०१८ मध्ये झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानहून गाड्या घेऊन आलेल्या बोटी ऑकलंडहून परत फिरवल्या गेल्या. का, तर त्यात एक जातीचे ढेकण्या वासाचे किडे सापडले. फळबागांवर जगणारा देश, किड्याला घाबरणारच.

आता आपल्याकडे या.

भारतानं जुन्या गाड्यांची आयात २००१ मध्ये खुली केली, पण अटी अशा घातल्या की दार उघडलं म्हणावं की कडी बदलली म्हणावं, असा प्रश्न पडतो. स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा, दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा. इथवर आपली ॲक्वा पास. पण गाडी तयार होऊन तीन वर्षांहून जास्त झालेली नको, आणि ही दहा वर्षांची. विषय इथंच संपतो.

समजा, मुलानं तीन वर्षांच्या आतली गाडी घेऊन पाठवली तर? तर बोटीत चढवण्याआधी तपासणीचा दाखला लागेल. ती उतरेल फक्त मुंबई बंदरात. सोडवण्याआधी तिची चाचणी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या सरकारमान्य संस्थेत करावी लागेल. पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि दुरुस्तीची सोय होईल, अशी हमीही हवी. जी गाडी भारतात विकलीच जात नाही तिच्या बॅटरीची हमी कोण देणार आणि दुर्गमधला कुठला मेकॅनिक ती उघडणार?

आणि मग पैसे. सीमाशुल्क खात्यानं बोटभाडं-विम्यासह सहा लाख किंमत धरली असं समजू. (स्वस्तात मिळाली हे सांगून उपयोग होत नाही, नवी असतानाच्या किमतीतून वयानुसार घट धरून साधारणपणे हिशेब करतात.) फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून जुन्या मोटारीवर ७० टक्के मूळ शुल्क आणि वर साडेसदुसष्ट टक्के उपकर, म्हणजे साडेएकशे सदतीस टक्के. ते झाले ८ लाख २५ हजार. या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून दीड लिटर इंजिनाच्या अशा पेट्रोल गाडीला तो ४० टक्के आहे, म्हणजे ५ लाख ७० हजार. एकूण १९ लाख ९५ हजार! आणि गाडी अजून मुंबईतच आहे. बोरसी तिथून अकराशेएक किलोमीटर, शिवाय छत्तीसगडचा रस्ता कर वेगळा.

हा अन्याय आहे का? मला तीन वर्षांची अट पटते. ती नसती तर जगभरच्या जुनाट गाड्या आपल्या बंदरांत येऊन पडल्या असत्या. शुल्काची भिंत मात्र एवढी उंच हवी का, याबद्दल शंका आहे. न्यूझीलंडकडे राखायला कारखाने उरले नव्हते, आपल्याकडे चाकणपासून गुरुग्रामपर्यंत लाखो लोकांच्या चुली त्यावर पेटतात. ज्यांनी उभा जन्म सरकारी पोलाद कारखान्यात काढला त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. शिवाय आता उलटी गंगाही वाहते आहे. गुरुग्रामला बनलेली पाच दारांची जिम्नी सुझुकीनं जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये आणली, तर चार दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

राहिली ती ‘दुसरी वाट’. ती बहुधा कुठून जाते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात उघड झालं. भूतानमार्गे चोरून आणलेल्या परदेशी गाड्या खोट्या कागदपत्रांवर दूरच्या राज्यांत नोंदवून विकल्या, असं सीमाशुल्क खात्याचं म्हणणं. ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाच्या त्या मोहिमेत पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या जप्त झाल्या. नुमखोर हा भूतानच्या भाषेतला वाहनासाठीचा शब्द. अशा वेळी गाडी जाते ती ज्याच्या दारात उभी आहे त्याची, मधल्या माणसाची नव्हे. तेव्हा त्या ओळखीच्या गृहस्थांकडे एकच कागद मागा: ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे गाडी कायदेशीर आल्याचा आणि शुल्क भरल्याचा दाखला. त्यावरचा चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. कागद नंतर देतो म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा.

मुलानं ॲक्वा ऑकलंडलाच विकावी. तिथं तिला गिऱ्हाईक आहे, इथं ती बंदरात अडकेल. ते पैसे आणि बाजूला काढलेल्या सहा लाखांतला काही भाग मिळून दुर्ग-भिलाईत चांगली गाडी येईल, जिचे सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. सगळे सहा लाख त्यात घालू नका, परतलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी नातवाच्या शाळेपासून गॅस जोडणीपर्यंत शंभर खर्च निघतात. आणि मुलाचं इथलं जुनं लायसन्स कपाटातून काढून तारीख बघून ठेवा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर त्याला परत गाडी चालवून दाखवावी लागेल.